चिकू मिस्टरांच्या शर्टात आणि चावे मात्र तुम्हाला

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घोडबंदर रोडला अठराव्या मजल्यावर फ्लॅट, दीड वर्षाचा ग्रीन चीक कॉन्युर, म्हणजे छोटा परदेशी पोपट, नाव चिकू. मिस्टर ऑफिसातून आले की तो थेट त्यांच्या शर्टात शिरतो, आणि तुम्ही वाटी ठेवायला पिंजऱ्यात हात घातला की रक्त काढतो. सासूबाईंनी तर त्या खोलीत जाणंच सोडलंय. संध्याकाळी सहा वाजल्यापासून मिस्टर येईपर्यंत किंचाळणं, खालच्या मजल्यावरून तक्रार. आणि शेवटी लिहिलंय की एवढे लाड करतो तरी असं का, याच्याशी बाँडिंग वाढवायचं कसं.

मी नेरूळला राहते. डॉक्टर नाही, आधीच सांगते. १८ वर्षं स्वतःचे पक्षी सांभाळतेय, त्यातली ११ वर्षं लोकांचे पक्षी बोर्डिंगला ठेवते, गणपतीत सगळे कोकणात गेले की माझी एक बेडरूम पूर्ण पक्ष्यांची असते, बजी, कॉकटील, कॉन्युर, एखादा आफ्रिकन ग्रे, आणि आम्ही घरचे हॉलमध्ये गाद्या टाकून. त्यामुळे तुमच्या चिकूसारखे बरेच चिकू बघून झालेत.

बाँडिंग कमी पडलंय असं मला तरी वाटत नाही. उलट जरा जास्तच झालंय, आणि ते एकाच माणसाशी, नको त्या पद्धतीचं. तुम्हीच लिहिलंय ना, टीव्ही बघताना मिस्टर त्याला पाठीवरून शेपटीपर्यंत कुरवाळतात, चादरीत घेतात, ओठात धरून शेंगदाणा देतात. आपल्याला वाटतं लाड. पोपटाच्या हिशेबात बघा: चोचीतून भरवणं हे जोडीदाराचं काम, पाठीवर आणि पंखाखाली स्पर्श जोडीदाराचाच, आणि शर्टाच्या आतली अंधारी ऊबदार जागा म्हणजे घरट्याची ढोली. म्हणजे चिकूचं लग्न लागलेलं आहे आणि तुम्ही रोज त्याच्या संसारात वाटी घेऊन येणाऱ्या परक्या बाई आहात. तो चावणार नाही तर काय करेल? आता मिस्टरांना याचं कौतुक वाटत असेल तर तेही आधी थांबवा, कारण थोड्या दिवसांनी तो त्यांनाही चावायला लागतो, जोडीदार प्रतिसाद देत नाही म्हणून. मी हे होताना पाहिलंय. (ओठातून भरवणं तर आजच बंद करा, आपल्या थुंकीतले बॅक्टेरिया त्यांना बाधतात.)

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि महागात पडलीये. माझी पहिली कॉकटील शेवंती. मी रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायचे, ती शेपूट वर करून बारीक आवाज काढायची, मी शेजारणींना बोलावून दाखवायचे की बघा कशी लाडात येते. नर नाही, जोडी नाही, तरी अंडी द्यायला लागली. एकदा चार, मग पाच, मग परत. प्रत्येक अंड्यात अंगातलं कॅल्शियम जातं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. तिसऱ्या खेपेला अंडं अडकलं, सकाळी पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसलेली दिसली, टॅक्सी केली, वाशीचा पूल ओलांडायच्या आत गेली. तेव्हापासून माझ्या घरात नियम आहे, हात फक्त डोक्यावर, गालांवर आणि मानेवर. पाठ, पंखाखाली, शेपटीजवळ कोणीही लावायचा नाही. बोर्डिंगला येणाऱ्या मालकांनाही दारातच सांगते, काहींना राग येतो.

तर सुरुवात मिस्टरांपासून. एकदम तोडू नका, तेही वाईट, फक्त प्रकार बदला. शर्ट बंद, चादर बंद. खांदा निदान दोन-तीन महिने बंद, कारण खांद्यावर असताना त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि कान-डोळे मात्र त्याच्या चोचीसमोर असतात. पिंजऱ्यात ते मऊ कापडी घर लटकवलंय का? असेल तर काढा, ती ढोलीच झाली, शिवाय त्याचे धागे पायात अडकतात, कुरतडून पोटात जातात. सोफ्याखाली, कपाटाच्या फटीत शिरत असेल तर ती जागा बुजवा. कोमट मऊ भात-खिचडी रोज देत असाल तर तेही कमी करा. आणि झोप. हॉलमध्ये पिंजरा, रात्री बारापर्यंत टीव्ही, सकाळी सहाला मिक्सर, म्हणजे त्याला सहा तास मिळतात आणि लागते दहा ते बारा तास अंधार आणि शांतता. मोठा दिवस म्हणजे विणीचा हंगाम असं त्याचं शरीर समजतं, वर झोप नसल्यामुळे चिडचिड वेगळी. टू बीएचकेमध्ये सोपा उपाय म्हणजे एक छोटा झोपायचा पिंजरा आतल्या खोलीत ठेवायचा आणि साडेसात-आठला त्याला तिथे नेऊन झोपवायचं, पडदा ओढून. मिस्टर नऊला येत असतील तर त्यांची भेट सकाळी. त्यांना आवडणार नाही, पण तेवढं तरी करावं त्यांनी.

आता तुमच्या चाव्यांकडे येते. दुकानदाराने सांगितलंय म्हणता की चावला की चोचीवर टिचकी मारा, 'हँड टेम (हाताला सरावलेला) आहे, दोन दिवसांत सुधारेल'. नका मारू. हात ही त्याच्यासाठी आधीच भीतीची गोष्ट, त्या हाताने टिचकी मारली की त्याची खात्रीच पटते. ओरडूही नका, काही पक्ष्यांना तो तमाशा आवडतो. आणि चावला म्हणून लगेच पिंजऱ्यात कोंडलं तर तो शिकतो की हा खेळ नको असेल तर चावायचं, घरी पोचवतात.

मुळात चावा हा त्याचा पहिला शब्द नसतोच, शेवटचा असतो. पुढच्या वेळी वाटी घेऊन जाल तेव्हा पिंजऱ्यापासून दोन हात लांब थांबा आणि काही न करता नुसतं बघा. आधी तो हालचाल थांबवतो, खेळत असेल, खात असेल, ते सोडून एकदम स्तब्ध. मग अंगावरची पिसं चापून बसतात आणि तो उंच-बारीक दिसायला लागतो. कधी एक पाय मागे जातो, अगदी अर्धं पाऊल, किंवा मान बाजूला वळते. हा नकार आहे, स्पष्ट नकार. आपण काय करतो, 'अरे चिकू, काय झालं बाळा' म्हणत हात अजून पुढे नेतो. मग डोळ्याची बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी व्हायला लागते, मानेची पिसं उभी राहतात, शेपटी पंख्यासारखी पसरते, आणि मग चावा. हात मागे गेला, म्हणजे चाव्याने काम झालं. असं पन्नास वेळा झाल्यावर तो म्हणतो मधलं सगळं कशाला, थेट चावूया, आणि मग आपण म्हणतो की हा काही कारण नसताना चावतो. माझ्या मते पोपटाशी नातं म्हणजे निम्म्याच्या वर एवढंच, की त्याने अर्धं पाऊल मागे घेतलं की आपण थांबायचं. त्याला कळलं पाहिजे की या बाईला साध्या भाषेत नाही म्हटलं तरी समजतं, मग चावायची गरज राहत नाही.

सध्या हात घालूच नका. वाट्या बाहेरून सरकवता येतील असा पिंजरा असेल तर उत्तम, नसेल तर तो मिस्टरांबरोबर दुसऱ्या खोलीत असताना वाट्या बदला. आणि त्याच्या वाटीतल्या सूर्यफुलाच्या बिया सगळ्या काढून टाका, एकही नको. त्या आता फक्त तुमच्याकडून मिळणार. पहिले काही दिवस काम एकच, पिंजऱ्याजवळून जाताना एक बी वाटीत टाकायची आणि पुढे निघून जायचं. त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, थांबायचं नाही. दिवसातून दहा-बारा वेळा. अधूनमधून त्याच खोलीत तिरकं बसून आपलं काम करायचं, मटार सोला, मेथी निवडा, फोनवर बोला. आपले डोळे समोर आहेत ना, शिकाऱ्यासारखे, त्यामुळे समोरून रोखून बघणं त्यांना आवडत नाही. एक दिवस असा येतो की तुम्ही येताना दिसलात की तो वाटीकडे आधीच चालत येतो. चार दिवसांनी येईल किंवा चार आठवड्यांनी, घाई करू नका, तो दिवस आल्याशिवाय पुढची पायरी नाही.

मग चॉपस्टिक. चायनीज पार्सलबरोबर येतात त्या उगाच ड्रॉवरमध्ये पडून असतात. गजांबाहेरून तिचं टोक दाखवायचं, तो कुतूहलाने चोच लावतो, लावल्या क्षणी 'गुड' म्हणायचं आणि बी द्यायची. सुरुवातीला बी चमच्यात धरून द्या, बोटांनी नको. दोन-तीन दिवसांत तो चॉपस्टिक दिसली की धावत येतो, मग तीच दांडीच्या दुसऱ्या टोकाला, मग दाराजवळ, मग दार उघडून बाहेरच्या स्टँडवर. त्याला ओढलं नाही, पकडलं नाही, तो स्वतः चालत तुमच्याकडे आला. त्यानंतर चॉपस्टिक अशी धरायची की तिच्यापर्यंत पोचायला तुमच्या मनगटावर पाय द्यावा लागेल. आधी एक पाय, बी, उतरला तरी चालेल. मग दोन्ही. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी. उपाशी ठेवून करायचं नाही हं, काही व्हिडिओंमध्ये सांगतात तसं. त्याचं लक्ष उडायच्या आत आपणच थांबायचं.

मिस्टरांचा इथे एक उपयोग आहे. ॲलेक्स नावाचा आफ्रिकन ग्रे पोपट होता, आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी जवळपास ३० वर्षं त्याच्यावर काम केलं, २००७ मध्ये गेला. त्याला रंग, आकार, वस्तूंची नावं सांगता यायची, आणि त्याला शिकवायची त्यांची पद्धत गंमतशीर होती: पक्ष्यासमोर दोन माणसं बसायची, एकाने वस्तू दाखवून विचारायचं, दुसऱ्याने बरोबर उत्तर दिलं की वस्तू त्याला मिळायची, आणि पक्षी हे बघत बसायचा. बघून शिकणारी जात आहे ही. तर चिकू स्टँडवर असताना मिस्टरांनी तुम्हाला काहीतरी द्यावं, तुम्ही ते कौतुकाने घ्यावं, हसावं, परत द्यावं. वेडेपणा वाटेल, करा. आणि बी मात्र नेहमी तुमच्या हातून, मिस्टर नुसते शेजारी.

हात म्हणताना अजून एक. माझ्याकडे ठाण्यातलाच एक कॉन्युर यायचा, घरात नवीन सून आली, तो तिला जवळच येऊ देईना. सगळे म्हणाले नवीन माणूस आहे. ती एकदा मला भेटायला आली तेव्हा मी बघितलं, कोपरापर्यंत हिरवा चुडा आणि लाल नेलपेंट. हात पुढे केला की काचेचा किणकिण आवाज आणि समोर पाच लाल टोकं. मी तिला माझ्या जुन्या स्वेटरची बाही चढवायला दिली, बांगड्या दाबून टाकल्या, आणि तो पंधरा मिनिटांत चमच्यातून खायला लागला. म्हणजे सासूबाईंच्या हातात काय आहे तेही बघा. काढायला सांगू नका लगेच, आधी लांबून त्या आवाजाबरोबर बिया द्या.

संध्याकाळच्या ओरडण्याचं. थोडं ओरडणं नैसर्गिक आहे, ते बंद होणार नाही आणि करायला जाऊही नका. हे थव्याने राहणारे पक्षी, बोलिव्हिया-ब्राझीलकडचे, सकाळी आणि दिवस मावळताना एकमेकांना हाका मारतात. तुमच्या बाल्कनीतून येऊरच्या डोंगराच्या बाजूला बघा, आपले पोपट संध्याकाळी परतताना कसा कलकलाट करत जातात, तेच हे. पण तासन्‌तास किंचाळणं वेगळं. तो किंचाळला की तुम्ही धावत जाता, 'गप' म्हणता, बिस्कीट देता, मिस्टरांना व्हिडिओ कॉल लावता (हे वाचून हसू आलं, माफ करा). त्याच्या दृष्टीने रिमोट सापडला. त्याऐवजी एक छोटी शीळ ठरवा. तुम्ही स्वयंपाकघरात असताना त्याने साधा आवाज काढला की तिथूनच शीळेने उत्तर द्या, थवा इथेच आहे एवढं त्याला कळलं की बऱ्याचदा पुरतं. किंचाळला तर काहीच नाही, दोन सेकंद थांबला की लगेच शीळ. पहिला आठवडा वाढेल, खालच्यांना आधीच सांगून ठेवा, लाडू-चिवडा काही पाठवा.

आणि सहाच्या आधी, साडेपाचला, त्याला काम द्या. रानात यांचा दिवसातला बराचसा वेळ खाणं शोधण्यात जातो, आपल्याकडे वाटीत तयार, पाच मिनिटांत जेवण आटोपलं, मग उरलेला दिवस काय करणार. मक्याच्या कणसाच्या पानात दाणे गुंडाळून गाठ मारा, कागदी कपात मोड आलेले मूग घालून तोंड मुरगाळा, शेवग्याचा पाला किंवा कोथिंबिरीची जुडी ओली करून गजांना बांधा, त्यात अंघोळही होते. पेरूची वेडीवाकडी फांदी बसायला, तिची सालही सोलत बसतात. नुसत्या बियांवर असेल तर हळूहळू पेलेट्स (पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य), गाजर, लाल भोपळा, पालेभाजी वाढवा, व्हिटॅमिन ए कमी पडणं हे बियांवर वाढलेल्या पक्ष्यांचं नेहमीचं दुखणं. हिरवी मिरची द्या बिनधास्त, त्यांना तिखट लागतच नाही. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण आणि खारवलेलं काहीही नको.

पंख कापू का असं विचारलंय. लोक वेगवेगळं सांगतील, माझं मत नको. उडून जाता येणं हाही त्याचा नकारच आहे, तो काढून घेतला की उरतं ते चावणं. पण मग घर तसं पाहिजे. खिडक्यांना, बाल्कनीला कबुतरांची जाळी असेलच, तिची भोकं तपासा, कॉन्युर लहान असतो. आणि सीलिंग फॅन. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी फॅन बंद, अपवाद नाही, मे महिन्यातसुद्धा नाही. माझ्याकडे फॅनच्या बटणावर चिकटपट्टी असते, ती काढल्याशिवाय कोणाला चालूच करता येत नाही. नॉनस्टिक तवा तापून धूर आला तर दुसऱ्या खोलीतला पक्षीही काही मिनिटांत मरू शकतो, त्यांची फुप्फुसं फार नाजूक, म्हणून लोखंडी-बिडाची भांडी वापरा. धूप, मच्छरची कॉइल, रूम स्प्रे त्याच्या खोलीत नको.

एक राहिलं, आणि खरं तर हे पहिलं करायला हवं. अचानक वाढलेलं चावणं हे कधीकधी दुखण्यामुळे असतं आणि पक्षी आजार लपवतात, दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे एकदा नेऊन आणा, कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर बघत नाहीत, आधी फोन करून विचारा. तेव्हाच पिसावरून डीएनए टेस्ट करून घ्या, ग्रीन चीकमध्ये नर-मादी दिसण्यावरून कळत नाही, आणि चिकू मादी निघाली तर वरचं शेवंतीचं सगळं तुम्हालाही लागू. किचनमधल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन घ्या, यांचं साधारण ६० ते ८० ग्रॅम असतं, एकदम दहा टक्के उतरलं तर वाट बघायची नाही.

दुसरा पोपट आणावा का, तर हे सोडवायला म्हणून नको. एकाचे दोन चावणारे होतात. आणि सासूबाई म्हणतात ना की त्यापेक्षा आपला गावठी पोपट आणा, बोलेल तरी, तर तो आणूच नका. आपले देशी पोपट, राघू काय, करण काय, पाळणं आणि विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कोणाच्या घरी असेल तर खिडकीतून सोडूनही देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला बाहेर टिकत नाही, वन विभागाच्या १९२६ वर फोन करून त्यांच्या ताब्यात द्या. तुमचा चिकू परदेशी जातीचा आहे, पण त्याचीही नोंदणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, केली नसेल तर विक्रेत्याची पावती शोधून ठेवा आणि करून टाका.

मे महिन्यात गावी जाताना तो कुठे ठेवायचा असंही विचारलंय. माझ्याकडे ठेवा किंवा तुमच्या जवळ कोणाकडे, पण पहिल्यांदाच थेट १५ दिवस नको. जिथे ठेवणार तिथे आधी एकदा दोन तास, मग एक दिवस, मग एक रात्र. स्वतःचा पिंजरा, स्वतःच्या वाट्या, आणि तुमची ती शीळ फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. आणि सोडायला मिस्टर नकोत, तुम्ही या. तोपर्यंत तो तुमच्या मनगटावर बसून आला तर मला फोटो काढायचाय.